चोरवाटा आणि जंगलाचे मुद्दल

मुंबई आणि ठाणे या दोन शहरांच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे अरण्य अद्याप टिकून आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे त्याचे नाव. २०१५ साली स्वयंचलित कॅमेरे लावून झालेल्या गणनेत उद्यान व त्याच्या परिसरात ३५ बिबटे आढळले होते. कान्हेरीची शंभरहून अधिक लेणी याच डोंगरांत आहेत, आणि मुंबईला पाणी देणारे तुळशी व विहार हे तलावही याच अरण्याच्या आश्रयाने भरतात.

या अरण्यात जाण्याचे मार्ग दोन प्रकारचे आहेत. पहिला वनखात्याच्या फाटकातून जातो. तेथे तिकीट घ्यावे लागते, आणि शिलोंड्यासारख्या पायवाटेवर वाटाड्यासह परवानगीने हिंडता येते. दुसरा मार्ग मुलुंड, भांडुप आणि ठाण्याच्या येऊरकडील वस्त्यांमागे सुरू होतो. कोठे भिंतीला भगदाड असते, कोठे भिंतच नसते. पहाटेचा व्यायाम, रविवारची भटकंती, जांभूळमाळाच्या माथ्यावरचा सूर्योदय अशा निरुपद्रवी वाटणाऱ्या हेतूंनी पावले तिकडे वळतात. कारवीचा बहर असेल तर ही वर्दळ अधिकच वाढते. ही कारवी सात वर्षे थांबून आठव्या वर्षी फुलते. २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली.

एका माणसाच्या एका फेरीने जंगलाचे काय बिघडते, असा प्रश्न सहज विचारला जातो. हिशेब मात्र एका फेरीचा नसतो. त्याच जागी रोज पाय पडले की माती घट्ट होते, बी रुजत नाही, आणि पावसाळ्यात उघडी माती ओहोळाबरोबर वाहून जाते. रातव्यासारखा पक्षी घरटे न बांधता जमिनीवरच अंडी घालतो. वाट सोडून चालणाऱ्याला ती दिसतही नाहीत. टाकलेल्या खाद्यपदार्थांमागे भटकी कुत्री आत येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीकडे सरकतो. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात पडलेली एक जळती विडी पुरेशी असते.

शिवाय माणसाने पाडलेली वाट माणसापुरती राहत नाही. बिबट्यालाही झुडपांतून जाण्यापेक्षा मोकळ्या पायवाटेने चालणे सोयीचे वाटते, म्हणूनच अभ्यासक कॅमेरे पायवाटांच्या कडेला लावतात. ज्या पहाटे आणि संध्याकाळी हौशी मंडळी निघतात, तीच त्याच्या संचाराची वेळ. गाठ पडलीच, तर शिक्षा बहुधा त्या मुक्या प्राण्याच्या वाट्याला येते. एका घटनेने भय पसरते आणि पिंजरा लावण्याची मागणी सुरू होते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही. जंगलातील पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वारली व इतर आदिवासींच्या पायवाटा मात्र या चर्चेत ओढू नयेत. त्या वाटा पाण्याच्या, शेताच्या आणि बाजाराच्या आहेत. हौसेची चोरवाट आणि गरजेची पायवाट यांना एकाच तराजूत घालणे न्याय्य नाही.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. ज्याने जंगल कधी पाहिले नाही, तो त्याच्यासाठी कधी उभा राहणार नाही. २०११ मध्ये उद्यानाच्या प्रशासनाने अभ्यासक व नागरिक यांच्या साहाय्याने बिबट्यासोबत जगण्याविषयी लोकशिक्षणाचा उपक्रम सुरू केला, तो याच जाणिवेतून. त्यामुळे केवळ भिंती उंच करून भागणार नाही. परवानगीच्या वाटा वाढाव्यात, त्यांवर पाड्यांवरील तरुणांना वाटाडे म्हणून काम मिळावे, आणि प्रत्येक वाटेवरील माणसांची संख्या ठरलेली असावी. इतके झाले तर चोरवाटेचे आकर्षण आपोआप ओसरेल.

व्यापारी कुटुंबांना हा विचार नवा नाही. व्याजावर घर चालते. मुद्दलाला हात लागला की पेढी बसते. जंगलातील गारवा, पाणी आणि पहाटेची हवा हे व्याज आहे. माती, झाड आणि प्राणी हे मुद्दल आहे. पुढच्या रविवारी घरातील मुलांनी डोंगराचा हट्ट धरला, तर त्यांना अवश्य न्यावे. मात्र फाटकातून, तिकीट काढून, वाटाड्याच्या मागे. भगदाडापाशी थांबून परत फिरणाऱ्या वडीलधाऱ्याकडून मुले जे शिकतील, ते कोणत्याही फलकावर लिहून शिकवता येत नाही.