मोटारीविना रोझेग
स्वित्झर्लंडच्या एंगादीन भागात पोंत्रेसिना स्टेशनवर सायकलसकट रेल्वेतून उतरावं आणि थेट रोझेग खोऱ्याच्या वाटेला लागावं. खासगी मोटारींना इथे बंदी आहे; दिसतात त्या घोडागाड्या, पायी चालणारे आणि सायकलस्वार. सुमारे ७ किलोमीटरच्या खडीच्या रस्त्याला चढ साधारण २०० मीटरचाच, त्यामुळे रुंद टायरची ग्रॅव्हल सायकल नवख्यालाही झेपते. हिमनद्यांचं दुधाळ पाणी वाहून आणणाऱ्या ओढ्याच्या सोबतीने जाताना मागून हॉर्न वाजत नाही, म्हणून निवांत मान वर करून बर्नीना पर्वतरांगेची हिमशिखरं पाहता येतात. नुसत्या बंदीने हे साधलं नसतं. खोऱ्याच्या तोंडाशी रेल्वे पोचते, म्हणून मोटारीवाचून अडत नाही. डोंगर शांत ठेवायचे असतील, तर आधी रेल्वे आणा, मग रस्त्याला फाटक लावा.