गोंगाट म्हणता तो कोणाचा?

पिंपरी पेंढारसारख्या गावात एखाद्या मुलाने दिवाळीच्या पैशांतून चांगला हेडफोन घ्यायचे ठरवले आणि तो रॉक आणि मेटल संगीत ऐकण्यासाठी हवा आहे असे सांगितले, की घरात दोन पक्ष पडतात. वडीलधाऱ्यांचा पक्ष म्हणतो, "त्या ठणठणाटाला कसला आलाय चांगला हेडफोन! स्वस्तातला कुठलाही चालेल." दुकानदाराचा पक्ष म्हणतो, "हा घ्या, याचा बास छाती हादरवतो." वरवर पाहता हे दोघे एकमेकांचे विरोधक; पण माझ्या मते ते सख्खे भाऊ आहेत. हे संगीत म्हणजे निव्वळ आवाज, अशीच दोघांची समजूत. एकाला तो आवाज घरात नको आहे, दुसऱ्याला तो विकायचा आहे, एवढाच काय तो फरक. माझे भांडण या दोघांशीही आहे.

प्रथम वडीलधाऱ्यांशी. हे संगीत रिकामटेकड्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जन्मले, असा जर त्यांचा समज असेल तर तो त्यांनी काढून टाकावा. इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात टोनी आयोमी नावाचा एक तरुण पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा वादक, म्हणजे तारा दाबण्याची बोटे नेमकी तीच. पठ्ठ्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, बारीक तारा वापरल्या, आणि पुढे १९७१ च्या तबकडीत त्या तारा मूळ सुरापेक्षा चांगल्या खाली उतरवल्या. त्या सैल तारांतून जो जडशीळ, काळोखा नाद निघाला, त्यावर मेटलची इमारत उभी राहिली. 'ब्लॅक सॅबथ' हे त्याच्या मंडळीचे नाव. ज्या संगीताच्या मुळाशी कामगाराचा जायबंदी हात आहे, त्याला शेतकऱ्याच्या घरात परके का मानावे?

आणि मोठ्या आवाजाचे आपल्याला एवढे वावडे कधीपासून? आपल्याच जुन्नर तालुक्यातले नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकरांच्या कलेचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. पण त्या कलेकडे शिष्ट मंडळींनी वर्षानुवर्षे नाक मुरडलेच होते. हलगी विस्तवावर शेकून कडक करतात, ती कशासाठी? जाड काठीचा दणका आणि बारीक काठीची तडतड ही दोन्ही वेगवेगळी कानावर पडावीत म्हणून! ज्याला हलगी कळते त्याला मेटलमधला ढोल कळायला अडचण पडू नये. तिथे वादक दोन्ही पायांनी ढोल बडवतो, आणि त्याचे कौशल्य प्रत्येक ठोका सुटा ठेवण्यात असते.

बरे, या मंडळींनी हे संगीत उघड्यावर वाजवलेले आपण किती सहन केले? १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक'चा मेळा मुंबईच्या रंगभवनात गाजला. पुढे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. शेजारी कॉलेज आणि रुग्णालये असल्यामुळे ती जागा शांतता क्षेत्रात मोडली आणि तिथला रॉकचा आवाज बंद पडला. ठीक आहे, रुग्णाला झोप हवीच. परंतु त्याच नियमांत सणासमारंभांसाठी वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची सोय आहे. आणि तिच्या आधाराने, कित्येकदा ती ओलांडूनही, मिरवणुकीतील भिंतीएवढे कर्णे आपल्या खिडक्यांच्या काचा हादरवतात. तिथे आपण टाळ्या वाजवतो. दोन कानांपुरते ऐकणाऱ्या पोराला मात्र गोंगाट्या म्हणतो! हा न्याय नव्हे.

आता दुकानदार. त्याचा 'बास' हा सगळ्या दुखण्याचे मूळ आहे. बास गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, साध्या गिटारची सुमारे ८२. पण गिटारचा खरखरीत पोत, शब्दांचे उच्चार आणि ढोलाच्या ठोक्याची 'टक' ही सारी शेकडो ते काही हजार कंपनांच्या पट्ट्यात असतात. कानाचा धर्म असा, की खालचा जोरकस सूर वरच्या नाजूक सुरांना झाकून टाकतो. म्हणून फुगवलेला बास म्हणजे आमटीत ओतलेले पसाभर मीठ. त्याने गाणे 'भारी' होत नाही, गाणे बुडते. मग ऐकणारा काय करतो? बुडालेली गिटार वर काढण्यासाठी आवाज वाढवतो. तिथेच कान जातात.

आपल्या शेजारी खोडदला प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातले अतिक्षीण संकेत ऐकत बसल्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी ती उभारण्यासाठी हा परिसर निवडला, त्यात रेडिओ लहरींचा गोंगाट इथे कमी, हे मोठे कारण होते. संकेत वाढवण्यापेक्षा गोंगाट कमी करावा, हे शहाणपण ज्या तालुक्याच्या मातीत उभे आहे, तिथल्या तरुणाने हेडफोन निवडताना ते विसरू नये.

कसोट्या साध्या आहेत. आपल्या पाठ असलेले एक वेगवान गाणे घ्यावे. दुपायी ढोलाचे ठोके मोजता येतात, की त्यांची सलग घरघर होते? बास गिटार साध्या गिटारपासून वेगळी धरता येते का? झांजा धातूच्या वाटतात, की पत्र्यावर वाळू ओतल्यासारख्या? गाणारा समोर आहे, की गोधडीखाली? शिवाय दोन हेडफोनांची तुलना सारख्याच आवाजावर करावी. जो मोठ्याने वाजतो तोच कानाला सरस वाटतो, आणि हे विक्रेत्याला तुमच्याआधी ठाऊक असते. जर्मनीच्या सेनहायझरचा १९९७ पासूनचा 'एचडी ६००' अजून मान टिकवून आहे तो या सुटेपणामुळे; पण त्याचा विजेला होणारा अडथळा ३०० ओहमचा, फोनवर तो पुरता खुलत नाही, त्याला वेगळा अॅम्प्लिफायर द्यावा लागतो. ज्याला तो खर्च नको त्याने तीस-चाळीस ओहमचा, वायरचा, गाद्या आणि वायर बदलता येणारा हेडफोन घ्यावा. ब्रुकलिनच्या ग्रॅडोचे साधे नमुने ओहमच्या हिशेबाने याच जातीचे आणि गिटारप्रेमींचे लाडके; त्यांची वायर मात्र सहज बदलता येत नाही.

हा खर्च चैनीचा नाही, हे हिशेबानेच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे निर्धोक. आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९२ डेसिबलवर अडीच तास, ८६ वर दहा तास. सुटा, स्वच्छ हेडफोन मिळाल्यामुळे मुलाने आवाज ६ डेसिबलने उतरवला, तर त्याच्या आठवड्याच्या संगीताचे चौपट तास होतात आणि कान शाबूत राहतात. शंभर उपदेशांनी जे साधत नाही ते एका बऱ्या वस्तूने साधते.

राहिला प्रश्न बंद पाठीचा की उघड्या पाठीचा. खोडदच्या तबकड्या तारांच्या जाळीच्या आहेत, वारा त्यांतून आरपार जातो. उघड्या पाठीचा हेडफोन तसाच. नाद कोंडत नाही, आणि आईची हाकही ऐकू येते. घरात असाच असावा. एस.टी.त मात्र इंजिनाची घरघर बुडवण्यासाठी आवाज वाढवला जातो. तिथे बंद पाठीचा किंवा बाहेरचा आवाज मारणारा बरा. पण उसाच्या फडात, रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणून पाणी धरायला निघालेल्याच्या कानावर यांतला एकही नसावा. बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेल्याचे दुःख पिंपरी पेंढारने २०२४ साली सोसले आहे. त्या अंधारात पाचोळ्याची सळसळ हेच सर्वांत महत्त्वाचे संगीत.

तेव्हा वडीलधाऱ्यांनो, नाही म्हणू नका. वस्तू निवडताना पोराबरोबर दुकानात जा आणि एक गाणे स्वतःच्या कानांनी ऐका. आणि मुलांनो, छाती हादरवणाऱ्याला नमस्कार करून पुढे चला. ज्याच्यावर आवाज कमी करूनही गाणे पुरे वाटते, तोच हेडफोन घरी आणा.