मालिका बंद कोण पाडते? प्रेक्षक की मोजपट्टी?

जळगाव, प्रतिनिधी : एखादी मालिका अचानक निरोप घेते, तेव्हा तिचा टीआरपी घसरला होता, एवढेच कारण पुढे येते. प्रेक्षकांनी पाठ फिरवली, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो. परंतु पाठ फिरविणारे हे प्रेक्षक कोण आणि त्यांची गणती कशी होते, हा प्रश्न जळगाव-धुळ्याच्या बाजूने पाहिल्यास उत्तर इतके सरळ राहत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर, तर धुळ्याची २० लाखांवर होती. दोन्ही जिल्ह्यांत दोन तृतीयांशांहून अधिक लोक खेड्यांत राहतात. असे असूनही ‘टॅम’ या संस्थेच्या काळात प्रेक्षकमापन प्रामुख्याने शहरी होते. ग्रामीण घरांची नियमित आकडेवारी ‘बार्क’ने ऑक्टोबर २०१५ पासून देण्यास सुरुवात केली. म्हणजेच ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’ यांच्या काळात यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातील किंवा साक्री-शिंदखेड्याच्या खेड्यांतील आवडनिवड हिशोबात जवळजवळ नव्हतीच. भारनियमनामुळे त्या घरांतील दूरचित्रवाणी संच ऐन संध्याकाळी बंद राहत, याचीही नोंद त्या आकड्यांत होण्याचे कारण नव्हते.

ग्रामीण घरे मोजली जाऊ लागल्यानंतर पडद्याचा रंग बदलला. कोल्हापूरच्या मातीतली ‘तुझ्यात जीव रंगला’ २०१६ मध्ये, तर साताऱ्याकडील ‘लागिरं झालं जी’ २०१७ मध्ये आली. हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही. जो मोजला जातो, त्याच्यासाठी मालिका निर्माण होते.

मोजणीचा हा पसाराही मर्यादितच आहे. २०२० मध्ये देशात सुमारे २१ कोटी घरांत दूरचित्रवाणी संच असल्याचा अंदाज होता आणि मापनयंत्रे बसविलेली घरे होती सुमारे ४४ हजार. म्हणजे एका घराने साधारण पावणेपाच हजार घरांचे प्रतिनिधित्व करावयाचे. मराठी वाहिन्यांचा हिशोब महाराष्ट्र-गोवा असा एकत्र मांडला जातो. त्यात खान्देशचा वेगळा आवाज ऐकू येणे कठीणच.

पाणी घातलेली कथा

अर्थात सारा दोष मोजपट्टीवर ढकलून चालणार नाही. मानांकन केवळ किती जणांनी पाहिले यावर नव्हे, तर किती वेळ पाहिले यावरही ठरते. कथानकात पाणी घातले की प्रेक्षक मालिका एकदम सोडत नाही. तो आधी पाच मिनिटे कमी पाहतो, मग आठवड्यातून दोनदाच पाहतो. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ अशी तीन हजारांहून अधिक भाग चालली. तो मान सर्वांना मिळत नाही. याउलट ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ मध्ये वर्षभराच्या आत संपली आणि म्हणूनच ती लोकांच्या स्मरणात राहिली.

वेळ बदलणे हा दुसरा घाव. ‘आई कुठे काय करते’ ही एकेकाळी अग्रस्थानी असलेली मालिका मार्च २०२४ मध्ये संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला हलविण्यात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर संपली. दुपारी अडीचला कापूस वेचणीला गेलेली बाई घरी नसते, हे खान्देशात कुणाला सांगावे लागत नाही. मार्च २०२४ मध्येच ‘चला हवा येऊ द्या’ हा २०१४ पासूनचा कार्यक्रमही थांबला. तोच साचा वर्षानुवर्षे चालल्याने आलेला थकवा आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’सारखा तगडा प्रतिस्पर्धी, ही दोन्ही कारणे त्यामागे दिसतात. २०२५ मध्ये तो नव्या रूपात परतला, पण सूत्रसंचालक बदलून.

तिसरे कारण खिशाचे. ‘ट्राय’ची नवी दरप्रणाली २०१९ मध्ये लागू झाली आणि वाहिनीगणिक पैसे मोजण्याची वेळ आली. ज्या घरात शेतीच्या उत्पन्नावर महिन्याचा खर्च बेतला जातो, तेथे सशुल्क वाहिन्यांना कात्री लागणे स्वाभाविक होते. विनाशुल्क ‘डीडी फ्री डिश’ आणि मोबाइल हे पर्याय हाताशी होतेच.

बोलीचा प्रश्न

आणि मोबाइलवर या प्रेक्षकाला त्याची बोली भेटली. मालवणीला ‘रात्रीस खेळ चाले’ने, वऱ्हाडी ढंगाला विनोदी कार्यक्रमांनी घराघरांत नेले. प्रमुख वाहिन्यांवरील गाजलेल्या मालिकांत अहिराणीला किंवा बहिणाबाईंच्या लेवा बोलीला असे स्थान मिळाले नाही. दुसरीकडे यूट्यूबवर अहिराणी गाणी आणि विनोदी चित्रफिती लग्नाच्या मांडवापर्यंत पोहोचल्या. हा प्रेक्षक मनोरंजनापासून दुरावलेला नाही. तो मालिकांपासून दुरावला आहे.

दर गुरुवारी येणारे आकडे गेलेला प्रेक्षक दाखवितात, तो का गेला हे सांगत नाहीत. ते जाणून न घेता एक मालिका बंद करून तिच्या जागी तशीच दुसरी आणली, तर तिचाही निरोपसमारंभ फार दूर नसेल. खान्देशच्या प्रेक्षकाची बोली, त्याचे कामाचे तास आणि त्याची ऐपत यांची दखल घेणारी एखादी मालिका यावी आणि तिला पुरेसा अवधी मिळावा. त्यानंतरही त्याने पाठ फिरवली, तरच मालिका प्रेक्षकाने बंद पाडली असे म्हणता येईल.