धंद्याचे शिक्षण आणि माणसाची घडण

आपल्या जुन्या मराठी घरांत मुलाचे शिक्षण पुरे झाले की पहिला प्रश्न विचारला जातो तो नोकरीचा. बडोद्यासारख्या संस्थानी शहरात हे स्वाभाविकच होते. आपले पूर्वज येथे आले ते लष्करात, मामलतीत, हिशेबखात्यात, शाळाखात्यात. दरबारची चाकरी हे घराचे भूषण आणि पेन्शन ही म्हातारपणाची काठी. दुकान मांडणे, भाव सांगणे, गिऱ्हाइकाची मनधरणी करणे ही कामे दुसऱ्यांची, अशी समजूत घरोघर मुरली. १९४९ साली संस्थान विलीन झाले, पण ही समजूत काही विलीन झाली नाही. आजही एखाद्या मुलाने वा मुलीने धंद्याचा विचार बोलून दाखविला की वडीलधारी मंडळी प्रथम विचारतात, "भांडवल कोठून आणणार?" आणि लगेच स्वतःच उत्तर देतात, "आपल्याला ते जमायचे नाही."

या उत्तरात भांडवलाचा प्रश्न थोडा आणि स्वभावाचा फार आहे. म्हणूनच धंद्याचे शिक्षण घेताना विद्यार्थ्याच्या स्वभावात काय पालट होतो, याचा विचार आपण करावयास हवा. तो आपल्याच शहरात केला तर सवयीमुळे काही गोष्टी नजरेतून निसटतात. याकरिता वाचकांना थोडे दूर, सह्याद्रीच्या रानात नेतो.

उत्तर कन्नड जिल्ह्यात, गोव्याच्या हद्दीला लागून जोयडा नावाचा तालुका आहे. जुन्या नकाशात तो सुपे तालुका म्हणून सापडेल. काळी नदीवर गणेशगुडी येथे मोठे धरण झाले, सुपे गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. तेथे घरात कोकणी, कचेरीत कन्नड आणि पुष्कळांच्या कानावर मराठी, असा त्रिवेणी व्यवहार चालतो. पाऊस धो धो, जंगल दाट, वस्ती विरळ. २००७ साली येथील अरण्य व्याघ्रप्रकल्पात आले आणि २०१५ पासून त्याला काळी नदीचेच नाव मिळाले. वाघासाठी राखलेल्या रानात माणसाला कसे व किती वावरता येईल, हा तेथला रोजचा प्रश्न आहे.

या रानात कुणबी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. भातशेतीच्या जोडीला परसात आणि मळ्यात नाना प्रकारचे कंद लावणे ही त्यांची जुनी विद्या. मुडली हा त्यांतला नावाजलेला कंद. त्याखेरीज कोनफळाच्या जातीचे, रताळ्याच्या जातीचे, काटेरी वेलीचे असे कितीतरी. कोणता कंद कोणत्या मातीत लावावा, केव्हा खणावा, बियाण्यासाठी कोणता मागे ठेवावा, कोणता उकडावा आणि कोणता भाजावा, हे घरातील आजीला ठाऊक असते. आताशा या समाजाने जोयड्यात कंदांचा वार्षिक मेळा भरविण्यास आरंभ केला आहे. घरच्या पोटापुरते पिकणारे जिन्नस तेथे ओळीने मांडले जातात आणि बाहेरगावची माणसे ती विकत घेण्यास येतात.

आता या घरातील एखादा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. शाळेत त्याला शिकविले गेले की, विद्या पुस्तकात असते. आजीजवळ असते ते मागासलेपण. शिकल्याची खूण म्हणजे गोव्यात किंवा हुबळीला जाऊन एखादी पगाराची जागा पकडणे. हा मुलगा धंद्याचे शिक्षण घ्यावयास बसला तर काय होते? त्याला पहिलाच प्रश्न असा येतो की, तुझ्याजवळ असे काय आहे, जे दुसऱ्यापाशी नाही? उत्तर शोधीत तो जेव्हा घरी येतो, तेव्हा ज्या परसाकडे त्याने पाठ फिरविली होती तेथेच त्याला थांबावे लागते. आजीला प्रश्न विचारावे लागतात. तिचे उत्तर वहीत टिपून घ्यावे लागते. माझ्या मते या शिक्षणातील पहिली वाढ ही होय. नफा अजून दूरच असतो. परंतु आपल्या घराकडे परक्याच्या नजरेने पाहून त्याचे मोल जोखण्याची शक्ती त्याला आलेली असते.

असे शिक्षण देणाऱ्या संस्था आपल्या देशात आहेत आणि त्यांचा उगम जोयड्यापासून फार लांब नाही. १९८२ साली दक्षिण कन्नड जिल्ह्यातील उजिरे येथे धर्मस्थळाच्या शिक्षणसंस्थेने सिंडिकेट बँक व कॅनरा बँक यांच्या साहाय्याने बेकार तरुणांसाठी स्वयंरोजगाराची शाळा काढली. तेथे मुलांनी राहावे, जेवावे, थोड्या आठवड्यांत एखादा व्यवसाय शिकावा, फी एक पैसा नाही, आणि घरी गेल्यावरही संस्थेने त्यांची विचारपूस करीत राहावे, अशी ती पद्धत. पुढे केंद्र सरकारने हाच नमुना उचलला व जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांकडून अशा संस्था चालविल्या जाऊ लागल्या. जोयड्याच्या शेजारच्या हल्याळ गावीही अशी एक संस्था आहे.

या वर्गांतून हिशेब, कर्जाचे अर्ज आणि बाजाराची पाहणी शिकवितात, हे सांगावयास नको. पण जे शिकविले जाते त्यातील गाभा निराळा आहे व त्याला एक मनोरंजक इतिहास आहे. डेव्हिड मॅक्लेलंड नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९६४ च्या सुमारास आंध्रातील काकिनाडा येथील लहान व्यापाऱ्यांवर एक प्रयोग करून गेले. हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत या व्यापाऱ्यांना थोडे दिवस ठेवले आणि त्यांच्याकडून काही खेळ करून घेतले. या पद्धतीतला एक खेळ खुंटीवर कडी फेकण्याचा आहे. किती अंतरावरून फेकावयाचे ते ज्याने त्याने ठरवावयाचे. कोणी खुंटीला चिकटून उभे राहतात. कडी पडते, पण त्यात पुरुषार्थ नाही. कोणी लांबून भिरकावतात. पडली तर नशीब, चुकली तर नशीब. तिसऱ्या प्रकारचा मनुष्य थोडे मागे सरतो, फेकतो, चुकतो, अर्धे पाऊल पुढे येतो, पुन्हा फेकतो. उद्योगी वृत्तीची खूण ती हीच, असे मॅक्लेलंड यांचे म्हणणे. प्रशिक्षण घेतलेल्या व्यापाऱ्यांनी पुढल्या दोन वर्षांत इतरांपेक्षा अधिक हातपाय हलविले, असे त्यांना आढळून आले. गुजरातेतही १९७० पासून अशी शिबिरे भरू लागली आणि त्यांतूनच १९८३ साली अहमदाबादेस उद्योजकता विकासाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. म्हणजे ही विद्या आपल्या दाराशीच आहे.

कडी फेकण्याच्या खेळाकडे केवळ खेळ म्हणून पाहू नये. परीक्षेच्या शाळेत चूक म्हणजे गुण गेले. येथे चूक म्हणजे अंतर कळले. जोयड्याचा मुलगा दांडेलीच्या बाजारात मुडली घेऊन बसला आणि दहापैकी सात गिऱ्हाइके "नको" म्हणून गेली, तर त्याने त्यातून काय घ्यावे? घरी जाऊन तोंड लपवावे, की त्या सातांनी नको का म्हटले हे विचारावे? कंदाला माती फार होती, भाव जास्त वाटला, की तो शिजवावा कसा हेच त्यांना ठाऊक नव्हते? या प्रश्नांची उत्तरे मिळवू शकणारा मुलगा पुढे कंद विकील वा न विकील. तो नकाराने मोडणारा मात्र राहत नाही. तसेच आपल्या मालाची किंमत मान वर करून सांगणे हीदेखील एक साधना आहे. गरीब घरातील मुलाला ती संकोचामुळे जमत नाही, आणि आपल्या घरांतील मुलाला प्रतिष्ठेमुळे. दुखणे एकच, नावे दोन.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. नोकऱ्या देणे जमत नाही म्हणून सरकार तरुणांना 'उद्योजक व्हा' असे सांगून मोकळे होते, असे पुष्कळ जण म्हणतात. जोयड्याची गरिबी ही काही तेथील मुलांच्या वृत्तीतील उणीव नव्हे. ज्यांची गावे धरणाखाली गेली, ज्यांच्या रानावर निर्बंध आले, ज्यांना पावसाळ्यात रस्ता धड मिळत नाही, त्यांना "तुमच्यात जिद्द कमी आहे" असे सुनावणे ही क्रूर थट्टा होईल. रस्ता, दवाखाना, शाळा आणि रानावरील हक्क ही शिबिराने भागणारी भूक नव्हे. परंतु यावरून शिबिर निरुपयोगी ठरत नाही. वहीत हिशेब मांडावयास आणि परक्याला प्रश्न विचारावयास शिकलेला मुलगा कचेरीत जाऊन आपला हक्कही अधिक नेटाने मागू शकतो. मात्र अपयश आले तर दोष सर्वस्वी तुझाच, असे शिकविणारे शिक्षण माणसाला वाढवीत नाही. ते त्याला एकटे पाडते. शिक्षकांनी याचे भान ठेवले पाहिजे.

आपल्या इतिहासातही याचे दाखले आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईच्या तंत्रशाळेतील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावी आले आणि सायकलींच्या दुकानाबरोबर लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती व पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला मूर्ख ठरविले असते तर किर्लोस्करवाडी झाली नसती. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना आपल्या संस्थानात जागा दिली, हेही विसरू नये. १९१० सालची ती गोष्ट. जिद्द लक्ष्मणरावांची, पण पायाखालची जमीन कोणीतरी दिली होती.

दुसरा दाखला तर आपल्या गावचाच. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० साली कलाभवन निघाले, आणि तेथे शिकलेल्यांत दादासाहेब फाळके होते. त्यांनी पुढे फोटोग्राफी केली, छापखाना केला. एकही धंदा फार काळ टिकला नाही. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तेव्हा त्या साऱ्या मोडलेल्या धंद्यांत शिकलेले हात उपयोगी पडले. कलाभवनाने त्यांना एक ठरीव पेशा दिला नाही. नवी गोष्ट हाती घेण्याची सवय मात्र तेथे लागली असावी, असे मानावयास जागा आहे.

म्हणून धंद्याच्या शाळेचे मोजमाप करताना किती दुकाने निघाली एवढेच पाहू नये. अहवालात तो आकडा शोभतो, आणि बँकेला त्याची गरजही असते. पण ज्याचे दुकान निघाले नाही किंवा निघून बंद पडले, तो विद्यार्थी त्या अहवालातून नाहीसा होतो. त्याच्यात काय बदलले याची नोंद कोणीतरी घेतली पाहिजे. तो घरच्या माणसांशी अधिक आदराने बोलू लागला का? स्वतःच्या खर्चाचा हिशेब लिहू लागला का? अनोळखी माणसासमोर उभा राहू शकतो का? पुढे तो नोकरीच करील. पण मग ती भीतीपोटी धरलेली नोकरी नसेल.

हाच प्रश्न आपल्या घरांनीही स्वतःला विचारावा. दिवाळीच्या सुटीत मुलाने वा मुलीने शे-पाचशे रुपये घालून काही विकून पाहिले, पैसे बुडाले, तर बुडाले. त्याचा हिशेब मात्र त्यांच्याकडून लिहून घ्यावा, आणि तो वडीलधाऱ्यांनी हसू न आणता वाचावा. जोयड्याच्या मुलाजवळ निदान आजीची कंदांची विद्या आहे. आपल्या घरांतही आज्या आहेत, मसाले आहेत, शिवणकाम आहे, जुन्या पोथ्या बांधण्याची, वाद्ये दुरुस्त करण्याची हातोटी आहे. त्यांच्याजवळ जाऊन "हे कसे करता?" असे विचारण्याचे वय मुलांचे आहे. तेवढी मोकळीक त्यांना देणे वडीलधाऱ्यांच्या हाती आहे.