लाल बावट्याचे शाहीर

अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. पोवाडा, लावणी, छक्कड आणि तमाशा हे जुने लोकप्रकार त्यांनी गिरणी कामगारांच्या प्रश्नांना जोडले. तमाशाच्या सुरुवातीचा गण, म्हणजे वंदनाचे गीत, त्यांनी देवाऐवजी मायभूमीला वाहिला. सरकारी बंदी आली, तरी गाणे थांबले नाही. मुंबईत गिरगाव-ठाकूरद्वारपासून परळ-लालबागपर्यंत पेटलेल्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी सभा जागवल्या. या लढ्याला यश येऊन १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ मध्ये गेले. आज गिटार घेऊन लोकसंगीत गाणाऱ्या स्वतंत्र बँडांनी हा वारसा अभ्यासायलाच हवा.