रेवसची लाँच आणि तिथीचा हिशेब

वृद्ध आईवडिलांनी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला जाण्याची इच्छा व्यक्त केली, की घरात प्रथम ‘नको’ हाच शब्द उमटतो. हे भय निराधार नव्हे. १७ जुलै १९४७ रोजी याच मार्गावर ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. मात्र ते दिवस ऐन पावसाळ्याचे होते. हिवाळ्यात समुद्र बहुधा शांत असतो. तेव्हा जपावे लागते ते चढताना आणि उतरताना.

ओहोटीला लाँच धक्क्यापासून बरीच खाली राहते आणि शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. येथे किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा कामी येतो: तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते. द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. अकराच्या सुमारास पोहोचून चारच्या आत परतायचे असेल, तर या तिथी सोयीच्या. अष्टमीला मात्र भर दुपारी ओहोटी. (हा हिशेब आजोबा नातवंडांहून लवकर करतील.)

मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारल्याविना देऊ नये. काही गोळ्यांनी झापड येते, प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांची लघवी अडू शकते. लाँचच्या मध्यभागी बसावे, नजर दूर क्षितिजावर ठेवावी. लघवीच्या धास्तीने पाणी पिणे सोडू नये; निघण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन यावे. उतरताना काठी आधी सोबत्याच्या हाती द्यावी आणि खलाशाचा हात निःसंकोच धरावा.