घरची गुपितं, गावचं दप्तर

२०२३ सालच्या शेवटी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत माळ्यावरच्या पेट्या खाली उतरल्या. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती, आधी मराठवाड्यापुरती आणि नंतर साऱ्या राज्यासाठी. जन्ममृत्यूची रजिस्टरं, शाळांची रजिस्टरं, महसुलाची जुनी दप्तरं धुंडाळली जाऊ लागली. मोडी वाचता येणाऱ्यांना घरोघर बोलावणी आली. पणजोबा सापडले, खापरपणजोबा सापडले, वंशावळी मांडल्या गेल्या.

आरक्षणाचा प्रश्न हा या लेखाचा विषय नाही. मला बोलायचं आहे ते त्या वंशावळींबद्दल. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, अशी ती उतरंड असते. जातीचा दाखला सहसा वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यावरून मिळतो, त्यामुळे आजी-पणजीचं नाव तिथं लागतच नाही. आत्या तर जणू जन्मालाच आलेली नसते. एवढी शोधाशोध झाली आणि अर्धं घराणं कागदाबाहेरच राहिलं.

मैत्रिणींनो, पेट्या उतरल्याच आहेत, तर त्या परत माळ्यावर जाण्याआधी आपण आपल्यासाठी एकदा उघडूया, असं मला वाटतं. त्यात आपल्या घरांची गुपितं आहेत आणि त्यातली बरीचशी आपल्या नावावर खपवलेली आहेत.

‘घरातलं गुपित’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? कुणाचा तरी पाय घसरला, कुणी विहीर जवळ केली, कुणी पळून गेली. गुपित म्हणजे बाईची अब्रू, अशी आपली शिकवण आहे. गेली दहा वर्षं मी एका सल्ला केंद्रात काम करते. तिथं बायांबरोबर जुने कागद वाचताना मला दिसतं ते वेगळंच. खरी दडवलेली गुपितं असतात ती जमिनीच्या, घराच्या, पैशाच्या व्यवहाराची. ती झाकायला अब्रूचं पांघरूण वापरलं जातं, एवढंच.

एक उदाहरण देते. पन्नाशी उलटलेली एक बाई केंद्रात आली होती ती दुसऱ्याच कामासाठी. बोलता बोलता म्हणाली, “आम्ही तिघी बहिणींनी राजीखुशीनं सोडलं भावाला.” घरात हेच सांगितलं जात होतं आणि तिलाही तेच खरं वाटत होतं. दुय्यम निबंधक कार्यालयातून हक्कसोडपत्राची नक्कल काढली. दस्ताची तारीख वडिलांच्या दहाव्या आणि तेराव्याच्या मधली निघाली. मग तिला आठवलं, “बँकेचं काम आहे” म्हणून तालुक्याला नेलं होतं, येताना तिघींना साड्या घेतल्या होत्या. धाकट्या बहिणीचा शाळा सोडल्याचा दाखला शेजारी ठेवला, तर अंगठा दिला त्या दिवशी ती सतरा वर्षांचीही नव्हती. त्याच दाखल्यावर शाळा सोडण्याच्या कारणापुढे ‘लग्न’ असं लिहिलं होतं. तीन कागद सतरंजीवर शेजारी शेजारी मांडले आणि ‘राजीखुशी’ या शब्दाचा अर्थ तिच्या पुढ्यात आला.

दुसरी गोष्ट एका तरुण मुलीची. कर्जासाठी जुने फेरफार काढताना तिला पणजोबांच्या पहिल्या बायकोचं नाव दिसलं. घरात सांगत की ती बाळंतपणात गेली. कागद सांगत होता की तिला पोटगीसाठी दीड एकर हयातीपर्यंत तोडून दिलं होतं, आणि तिचं नाव कमी झालं ते तब्बल बावीस वर्षांनी. बावीस वर्षं ती कुठंतरी जगत होती आणि घरानं तिला मारून टाकलं होतं. तिनं काय केलं होतं? बहुधा मूल झालं नव्हतं. मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायला कायद्यानं बंदी झाली ती १९४६ साली. त्याआधी टाकलेल्या बायका कुणाच्या आठवणीत नसल्या, तरी दप्तरात अजून आहेत.

आता हे कागद वाचायचे कसे? अवघड नाही. सातबाऱ्यावर नावाजवळ गोलात किंवा कंसात एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. त्या क्रमांकाची नोंद गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असते. कोण मयत झालं, वारस कोण दाखवले, कुणाचे जबाब घेतले, कुणी मंजूर केलं, हे सगळं तिथं सापडतं. एका फेरफारावरून मागच्या फेरफारावर जात राहायचं. वाटेत काही खुणा भेटतात. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव लागलं तरी जमीन सगळ्यांची आहे, असा त्याचा अर्थ. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. कितीतरी ठिकाणी आईचं नाव येतं ते फक्त लहान मुलग्यांची पालनकर्ती म्हणून. ते सज्ञान झाले की तिचं नाव पुसलं जातं. आणि ‘इतर हक्क’ नावाचा रकाना जरूर पाहा. कब्जेदारांच्या यादीत भाऊ आणि इतर हक्कात आई-बहिणी, अशी बसायची व्यवस्था आपल्याला जेवणाच्या पंगतीपासून ओळखीची आहे.

शहरातल्या बहिणींकडे सातबारा नसेल, पण मिळकत पत्रिका असते, चाळीच्या खोलीची भाडेपावती असते, जुनी शिधापत्रिका असते, गिरणीतल्या फंडाच्या नामनिर्देशनाचा कागद असतो. त्यावर कुणाचं नाव आहे आणि कुणाचं नाही, ते बघा.

कायद्याचा क्रमही ध्यानात ठेवायला हवा, कारण कागदाची तारीख आणि कायद्याची तारीख जुळवली की अर्थ लागतो. १९३७ च्या कायद्यानं हिंदू विधवेला मुलाइतका वाटा मिळाला, पण तहहयात. १७ जून १९५६ पासून हिंदू वारसा कायदा लागू झाला आणि विधवेच्या ताब्यातली अशी मिळकत बहुतेक वेळा तिच्या पूर्ण मालकीची झाली. मुलगीही बापाची वारस ठरली. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र जन्मानं हक्क मुलग्यांनाच राहिला. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून तो मुलींना दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं आहे, २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री मात्र कायम राहतात. ख्रिस्ती मुलीला १९२५ च्या वारसा कायद्यानं भावाइतका आणि मुस्लिम मुलीला शरियतनुसार भावाच्या निम्मा हिस्सा आहे. कागदावर तोही किती जणींना मिळाला, हे पाहण्यासारखं आहे.

आणखी दोन गोष्टी. फेरफार म्हणजे मालकी नव्हे. ती मुळात सारा कुणाकडून घ्यायचा यासाठीची नोंद आहे, म्हणून वारसनोंदीत नाव गाळलं एवढ्यानं हक्क बुडत नाही. आणि तलाठ्यापुढे दिलेला जबाब म्हणजे हक्कसोड नव्हे. स्थावर मिळकतीचा हक्क सोडायचा तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे सहसा नोंदलेला दस्त लागतो. दाव्याला मुदतीचं बंधन असतं, म्हणून शंका आली की वकिलाला लवकर गाठायचं.

यावर आपल्याच बायका विचारतात, “ताई, हे उकरून काय मिळणार? माहेर तुटेल.” हा प्रश्न खोटा नाही. नवऱ्यानं मारलं तर रात्री जायला माहेरचंच दार असतं. दिवाळीला भाऊ न्यायला आला नाही तर सासरी मान खाली जाते. हिस्सा सोडून बाई ते दार उघडं ठेवत असते, म्हणजे भाड्यानं घेतलेलंच माहेर ते. म्हणून एखादीनं हिस्सा सोडायचं ठरवलं तर तिला कमकुवत म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण तिनं कागद वाचून, काय सोडते आहे ते माहीत करून सोडावं. न वाचता दिलेला अंगठा हा त्याग नसतो, ती फसवणूक असते. आणि “लग्नात खर्च केला की,” असं म्हणणाऱ्या भावाला विचारावं, की हुंडा कुणाच्या हातात गेला? तो बहिणीच्या नावावर कधीच आला नाही.

कागद उघडताना सावधही राहायला हवं. आधी नकला काढाव्यात, त्या घराबाहेर विश्वासाच्या जागी ठेवाव्यात आणि मगच घरात विषय काढावा. मारहाणीची भीती असेल तिथं बाईनं एकटीनं बोलू नये. नावांचा घोळ तर ठरलेलाच. माहेरचं नाव एक, सासरी बदललेलं दुसरं, शिधापत्रिकेवर तिसरंच. ‘ही तीच बाई’ हे सिद्ध करणारे कागद आधी गोळा करावे लागतात.

आणि एखाद्या जुन्या कागदात दुसरी बाई सापडली, तिची मुलं सापडली तर? तिथं आपली खरी परीक्षा असते. लग्नाच्या बायकोच्या बाजूनं उभं राहताना ‘त्या’ बाईचं नाव पुसायला मदत करण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. अशा मुलांना आई-वडिलांच्या मिळकतीत हक्क आहे, आणि एकत्र कुटुंबातल्या बापाच्या हिश्श्यातही आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२३ च्या निकालात सांगितलं आहे. व्यवहार पुरुषानं केला आणि लाज दोन्ही बायकांनी वाटून घ्यायची, हे आपण तरी चालवू नये.

माझी सूचना साधी आहे. हळदीकुंकू, भिशी, बचत गटाची बैठक, काहीही असो, वर्षातून एक दिवस कागदवाचनाचा ठेवावा. प्रत्येकीनं घरातला एक जुना कागद किंवा त्याची नक्कल आणावी. वाचता येणारीनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी तारखा लिहून घ्याव्यात. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर नावामागे आधी आईचं नाव लागतं. त्याआधीच्या आयांची नावं लिहिण्याचं काम उरतंच. म्हणून त्याच दिवशी प्रत्येकीनं आपली वंशावळ मांडावी, आई, आजी, आत्या, टाकलेल्या, परत पाठवलेल्या, सगळ्या घालून. आणि ज्यांचं नाव आठवत नाही तिथं जागा मोकळी सोडून पुढच्या आठवड्यात ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, फेरफाराच्या नकलेसाठी अर्ज द्यावा.